माइनक्राफ्टमधल्या संगणकावर डेस्कटॉप : वाचकांचे प्रश्न

माइनक्राफ्टच्या जगात संगणकाचा ठोकळा ठेवायचा आणि त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवायचा, ही सोय कॉम्प्युटरक्राफ्ट या मॉडने (गेममध्ये नव्या गोष्टी घालणाऱ्या जोड-प्रोग्रामने) २०११ साली आणली. आज बहुतेक जण त्याचीच पुढची आवृत्ती, सीसी ट्वीक्ड, वापरतात. भाषा लुआ. सुरू केल्यावर समोर येतो तो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. त्या पडद्यावर खिडक्या, मेनू, आयकॉन कसे आणायचे, याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. आदेशांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. टंकताना ती रोमन लिपीतच टंका आणि छोट्या-मोठ्या अक्षरांकडे लक्ष ठेवा, कारण लुआ त्यांत भेद करते.

प्रश्न : मी दगडाचा साधा कॉम्प्युटर बनवला, पण त्यावर माउस चालत नाही आणि रंगही दिसत नाहीत. माझं काय चुकतंय? भिंतीवर मोठा पडदा लावायचा तर किती सोनं लागेल?

चुकलेलं काहीच नाही. साध्या कॉम्प्युटरला माउसचे इव्हेंट (क्लिक झाली, ओढलं, सोडलं अशा घडामोडींचे निरोप) मिळतच नाहीत आणि रंग राखाडी छटांमध्ये दिसतात. डेस्कटॉपसाठी अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटरच हवा. त्याला ७ गोल्ड इनगॉट (सोन्याच्या विटा), १ रेडस्टोन आणि १ ग्लास पेन लागते.

भिंतीवरच्या पडद्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड मॉनिटर. ८ इनगॉट आणि १ ग्लास पेन यांतून एकदम ४ मॉनिटर मिळतात. ३ रुंद आणि २ उंच अशी भिंत धरली तर ६ मॉनिटर लागतील, म्हणजे दोनदा बनवा. १६ इनगॉट जातील आणि दोन मॉनिटर उरतील. कॉम्प्युटर धरून एकूण २३ इनगॉट. सर्वांत मोठा पडदा ८ × ६ चा होतो. त्याचे ४८ मॉनिटर म्हणजे ९६ इनगॉट. सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नका.

मॉनिटर कॉम्प्युटरला चिकटून असेल तर तार लागत नाही. लांब असेल तर दोन्हीकडे वायर्ड मोडेम लावा आणि मध्ये केबल टाका. मॉनिटरकडच्या मोडेमवर एकदा राइट-क्लिक करायचं असतं. मोडेमवरचा दिवा लाल होतो आणि चॅटमध्ये मॉनिटरचं नाव येतं. पडदा सापडत नसेल तर बहुतेक वेळा हीच पायरी राहिलेली असते.

हे सगळं जावा आवृत्तीवरच चालतं. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत हा मॉड बसत नाही. लॅपटॉप गेम पेलत नसेल तर क्राफ्टओएस-पीसी हा मोफत एम्युलेटर (गेममधल्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्या. गेम न उघडता तुमचा लुआ प्रोग्राम त्यात तसाच चालतो, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करायला सेकंदसुद्धा लागत नाही. गेम पेलणाऱ्यांनीही लिहिण्याचं काम तिथेच करावं असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : पडद्यावर नेमकी किती जागा असते? माझ्या खिडक्या नेहमी कापल्या जातात.

कॉम्प्युटरचा पडदा ५१ रकाने आणि १९ ओळींचा असतो, हातात धरायच्या पॉकेट कॉम्प्युटरचा २६ × २०. मॉनिटरची मापं अक्षरांच्या आकारावर ठरतात. तो आकार ०.५ पासून ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने बदलता येतो. ३ × २ ची भिंत आकार १ वर फक्त २९ × १२ भरते, आणि ०.५ वर ५७ × २४. म्हणजे ०.५ वर ठेवलीत तर कॉम्प्युटरवरचा सगळा डेस्कटॉप तिच्यात मावतो आणि वर थोडी जागा उरते. ८ × ६ ची भिंत ०.५ वर १६४ × ८१ होते.

ही मापं प्रोग्राममध्ये कधीही आकडे म्हणून लिहू नका. दर वेळी गेटसाइझ विचारा. मॉनिटरची भिंत वाढली की मॉनिटर_रीसाइझ हा इव्हेंट येतो. तो आला की मांडणी नव्याने करा.

प्रश्न : मी विंडो.क्रिएट वापरून दोन खिडक्या केल्या. एक दुसरीवर आली की मागची खिडकी पुढचीतून डोकावते, आणि पडदा सारखा फडफडतो.

या एका अडचणीपाशी सर्वाधिक डेस्कटॉप अर्धवट सुटलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडो.क्रिएटने मिळणारी खिडकी ही खरं तर अक्षरांचा एक साठा आहे. तिला आपल्या आई-पडद्याची जागा माहीत असते, शेजारची खिडकी माहीत नसते. त्यामुळे मागच्या खिडकीतलं घड्याळ दर सेकंदाला आपली ओळ लिहितं, तेव्हा ती ओळ पुढच्या खिडकीच्या डोक्यावर बिनदिक्कत उमटते. दर लिखाणानंतर पुढची खिडकी पुन्हा रंगवणं हा उपाय पहिल्यांदा सुचतो. फडफड त्यातूनच येते.

योग्य रचना अशी. प्रोग्रामची प्रत्येक खिडकी जन्मापासून अदृश्य ठेवा. विंडो.क्रिएटचा शेवटचा घटक फॉल्स द्या. अदृश्य खिडकीतही प्रोग्राम लिहू शकतो. लिहिलेलं साठ्यात जमा होतं, पडद्यावर जात नाही. मग पूर्ण पडद्याच्या मापाची आणखी एक खिडकी करा. तिला आपण फळा म्हणू. चित्र काढायची वेळ झाली की :

फळा सेटव्हिजिबलने अदृश्य करा. त्यावर आधी पार्श्वभूमी आणि आयकॉन लिहा. मग सर्वांत मागच्या खिडकीपासून पुढच्या खिडकीपर्यंत एकेक खिडकी घ्या, गेटलाइनने तिची प्रत्येक ओळ काढा (अक्षरं, अक्षरांचा रंग, मागचा रंग अशा तीन समान लांबीच्या माळा मिळतात) आणि फळ्यावर त्या जागी ब्लिट करा, म्हणजे अक्षरं रंगांसह एकदम लिहा. शेवटी मेनूपट्टी. मग फळा दृश्य करा. तो एका दमात पडद्यावर उतरतो आणि फडफड थांबते. पडद्याबाहेर गेलेला भाग फळा आपोआप छाटतो, त्याची काळजी नको.

यात तीन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, कर्सर. फळा उतरवल्यावर कर्सर शेवटच्या ब्लिटपाशी राहतो. ज्या खिडकीत टंकलेखन चालू आहे तिच्या कर्सरची जागा विचारा, खिडकीची जागा मिळवा आणि फळ्याचा कर्सर तिथे न्या. त्या खिडकीत तो लुकलुकत नसेल तर बंद ठेवा. दुसरी, रंगपट. एखाद्या प्रोग्रामने सेटपॅलेटकलरने आपल्या खिडकीचे रंग बदलले तर गेटलाइनमधून ते येत नाहीत. पूर्ण पडद्याला मिळून १६च रंग आहेत, त्यामुळे पुढच्या खिडकीचा रंगपट सगळ्यांना लावावा लागतो किंवा बदल नाकारावा लागतो. आम्ही नाकारण्याच्या बाजूचे आहोत. एका प्रोग्रामच्या हौसेपायी सगळ्यांचे मेनू वाचता येईनासे होतात. तिसरी, वेग. गेमचं चाक सेकंदाला २० वेळा फिरतं, त्याहून जास्त वेळा रंगवून काहीच हाती लागत नाही. काही बदललं की एक खूण लावून ठेवा, ०.०५ सेकंदाचा टायमर वाजला की खूण पाहा आणि असेल तरच रंगवा.

ब्लिटमध्ये तिन्ही माळांची लांबी एकसारखी नसेल तर प्रोग्राम तिथेच चूक दाखवून थांबतो. रंग एका अक्षराने लिहितात, शून्यापासून नऊपर्यंतचे अंक आणि पुढे रोमन ए ते एफ. पांढरा शून्य, काळा एफ.

प्रश्न : दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवण्यासाठी पॅरलल वापरतो. पण एका खिडकीत टंकलं की दोन्हींत उमटतं. क्लिकही दोघांना मिळते.

पॅरललचं कामच ते आहे : आलेला प्रत्येक इव्हेंट सगळ्यांना वाटणं. टपाल कोणाचं आहे हे पाहून देणारा पोस्टमन तुम्हालाच लिहावा लागेल. तो साठ-सत्तर ओळींत होतो.

प्रत्येक प्रोग्रामसाठी एक नोंद ठेवा : त्याची खिडकी, त्याचं कोरुटीन (मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच पुढे चालवता येणारं काम), तो कोणत्या इव्हेंटची वाट पाहतोय ते नाव, आणि मथळा. या नोंदी एका यादीत, शेवटची म्हणजे सर्वांत पुढची. मुख्य लूपमध्ये ओएस.पुलइव्हेंटरॉने इव्हेंट घ्या. साधा पुलइव्हेंट नको, कारण कंट्रोल-टी दाबताच तो अख्खा डेस्कटॉप पाडतो.

आता वाटप. ‘की’ (कळ दाबली), ‘की_अप’ (कळ सुटली), ‘चार’ (टंकलेलं अक्षर), पेस्ट आणि टर्मिनेट (कंट्रोल-टी) हे इव्हेंट फक्त पुढच्या खिडकीला. माउस_क्लिक आली की यादी शेवटून सुरुवातीकडे वाचा. ज्या खिडकीच्या चौकटीत ती पहिल्यांदा सापडेल तिला यादीत शेवटी आणा आणि क्लिक तिलाच द्या. टायमर, रेडस्टोन, मोडेमचे निरोप, इंटरनेटची उत्तरं सगळ्यांना द्या. टायमरचा क्रमांक ज्याचा तो ओळखतो.

क्लिक देताना जागा बदलायला विसरू नका. खिडकी २०व्या रकान्यापासून सुरू होत असेल आणि क्लिक २३वर झाली असेल तर प्रोग्रामला ४ सांगायचं : २३ वजा २० अधिक १. ते अधिक १ राहिलं की प्रत्येक क्लिक एक घर डावीकडे लागते. अशी तक्रार घेऊन आलेली तीन पत्रं या वेळच्या गठ्ठ्यात आहेत.

इव्हेंट देण्याआधी वाट पाहण्याचं नाव तपासा. नाव नसेल, ते जुळत असेल किंवा इव्हेंट टर्मिनेट असेल, तरच कोरुटीन पुढे चालवा. त्याआधी टर्म.रीडायरेक्टने पडदा त्या प्रोग्रामच्या खिडकीकडे वळवा. तो थांबल्यावर त्या क्षणी चालू असलेला पडदा टर्म.करंटने विचारून नोंदीत ठेवा आणि मगच आपला पडदा परत घ्या. पुढच्या खेपेला त्याच नोंदीतल्या पडद्याकडे वळवा. कारण प्रोग्राम स्वतःच्या आत आणखी एखादी खिडकी उघडून तिकडे वळलेला असू शकतो. हे न ठेवल्यास त्याचं लिखाण भलतीकडे जातं आणि चूक महिनोन् महिने सापडत नाही.

कोरुटीन.रीझ्यूमने फॉल्स दिलं तर सोबतचा संदेश त्या खिडकीतच लाल अक्षरांत दाखवा. खिडकी गुपचूप नाहीशी करू नका, प्रोग्राम लिहिणाऱ्याला तोच संदेश हवा असतो.

आणि मुख्य लूपमध्ये स्लीप, रीड किंवा रेडनेट.रिसीव्ह यांपैकी काहीही ठेवू नका. स्लीप आपल्या टायमरची वाट पाहताना मधले सगळे इव्हेंट टाकून देतं. ‘कधीकधी क्लिक लागत नाही’ असं कोणी म्हणालं की आम्ही आधी मुख्य लूपमध्ये स्लीप शोधतो.

प्रश्न : मथळ्याला धरून खिडकी ओढताना माउस जरा जोरात नेला की ती हातातून सुटते.

तुम्ही माउस_ड्रॅगच्या वेळी ‘माउस कोणत्या खिडकीवर आहे’ असं विचारत आहात. ते विचारायचं नाही. क्लिक ज्या खिडकीवर झाली, तिचंच नाव माउस_अप येईपर्यंत धरून ठेवा, मग मधले सगळे ड्रॅग तिचेच. क्लिकच्या क्षणी माउस आणि खिडकीची डावी कड यांतलं अंतर लिहून ठेवा, आणि नवी जागा काढताना ते वजा करा. नाहीतर ओढायला लागताच खिडकी उडी मारते. मथळ्याचे निदान तीन रकाने पडद्यावर राहतील अशी मर्यादाही घाला. एकदा बाहेर गेलेली खिडकी परत ओढायला जागाच उरत नाही.

प्रश्न : हाच डेस्कटॉप भिंतीवरच्या मॉनिटरवर लावला, तर क्लिक मिळत नाहीत.

मॉनिटरवर राइट-क्लिक केल्यावर मॉनिटर_टच येतो. त्यात मॉनिटरची बाजू किंवा नाव, रकाना आणि ओळ एवढंच असतं. कोणतं बटण, ओढणं, सोडणं यांतलं काही नाही. म्हणून प्रत्येक टचचे दोन इव्हेंट करून आपल्या पोस्टमनला द्या : माउस_क्लिक, बटण १, आणि लगेच माउस_अप. बटणं तेवढ्याने चालू लागतात.

ओढणं मात्र वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. मथळ्यावर पहिला टच म्हणजे खिडकी उचलली (मथळ्याचा रंग बदला), दुसरा टच म्हणजे तिथे ठेवली. स्क्रोलसाठी उजव्या कडेला वर-खाली बाण ठेवा. कीबोर्डचे इव्हेंट कॉम्प्युटरचा ठोकळा उघडलेला असतानाच येतात. भिंतीसमोर उभं राहून नाव टंकायचं असेल तर पडद्यावरच कीबोर्ड काढावा लागेल. ०.५ आकारावर दहा कळांची ओळ, प्रत्येक कळ ३ रकाने, म्हणजे ३० रकान्यांत तो बसतो.

टच कोणी केला हे मॉनिटर सांगत नाही. चारजणांच्या सर्व्हरवर भिंतीवर पासवर्ड विचारण्याला म्हणून फारसा अर्थ नाही.

प्रश्न : मेनू मराठीत हवे आहेत. ‘फाइल’ लिहिलं की भलतीच चिन्हं येतात.

या प्रश्नाचा आम्हाला मनापासून आनंद झाला. गेममधल्या या संगणकाचा फॉन्ट २५६ चिन्हांचा आहे आणि त्यात देवनागरी नाही. तुमची फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली असते, तिथे प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. संगणक प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजतो, म्हणून तीन अक्षरांच्या शब्दाची लांबी १५ येते आणि पडद्यावर कचरा दिसतो.

उपाय आहे : अक्षरं लिहायची नाहीत, काढायची. फॉन्टमधली १२८ ते १५९ ही चिन्हं म्हणजे एका घराचे (एका अक्षराच्या जागेचे) २ × ३ असे सहा ठिपके. एक घर ६ × ९ पिक्सेलचं असल्याने प्रत्येक ठिपका ३ × ३, म्हणजे नेमका चौरस होतो. (पूर्ण घरांनी काढलेलं वर्तुळ उभट दिसतं, ठिपक्यांनी काढलेलं गोल दिसतं, ते यामुळेच.) ५१ × १९चा पडदा अशा रीतीने १०२ × ५७ ठिपक्यांचा होतो.

घराचा क्रमांक असा काढा : वरचा डावा १, वरचा उजवा २, मधला डावा ४, मधला उजवा ८, खालचा डावा १६. पेटलेल्या ठिपक्यांची बेरीज अधिक १२८. खालच्या उजव्याला आकडा नाही. तो पेटलेला असेल तर सगळे ठिपके उलटे करा, बेरीज करा, आणि अक्षराचा रंग व मागचा रंग यांची अदलाबदल करा. एका घरात दोनच रंग मावतात, हे मात्र कायम लक्षात ठेवा.

देवनागरी ओळीची उंची १२ ठिपके धरा, म्हणजे बरोबर ४ घरं. वरचे ३ मात्रा, अनुस्वार आणि वेलांटीसाठी, चौथा शिरोरेखेचा, पुढचे ६ अक्षराच्या अंगाचे, खालचे २ उकारांचे. शिरोरेखा अशी चौथ्या ठिपक्यावर आली की ती नेहमी दुसऱ्या घराच्या माथ्यावर पडते. खाली अक्षर नसलेली नुसती शिरोरेखा म्हणजे १ अधिक २ अधिक १२८, चिन्ह १३१. वर-खाली सरकवताना पूर्ण घरांनीच सरकवा, म्हणजे शिरोरेखा तुटत नाही.

सुटी अक्षरं साठवून ती जोडण्याच्या फंदात सध्या पडू नका. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार पुढच्या अक्षरावर चढतो, जोडाक्षरांची रूपं बदलतात. हे सगळं लिहायला घेतलंत तर डेस्कटॉप बाजूला राहील. मेनूला वीस-पंचवीस शब्द पुरतात : फाइल, नवे, उघडा, जतन करा, बंद करा. प्रत्येक शब्द चौकटीच्या वहीत आखा आणि शून्य-एकच्या माळा करून ठेवा. ४८ × १२चा शब्द ५७६ बाइट घेतो; असे २० शब्द ११,५२० बाइट. संगणकाची मर्यादा मुळात १० लाख बाइट असते, आणि एका फ्लॉपीवर १,२५,००० बाइट मावतात. जागेचा प्रश्न नाही.

पडद्याच्या उंचीचा प्रश्न आहे. ५७ ठिपक्यांत देवनागरीच्या चारच ओळी बसतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर फक्त मेनूपट्टी आणि आयकॉनखालचे शब्द मराठीत करा. ८ × ६ची भिंत मात्र ३२८ × २४३ ठिपक्यांची असते. तिच्यावर २० ओळी येतात आणि अख्खा डेस्कटॉप मराठीत उभा राहतो.

प्रश्न : ‘ई’ची कळ दाबून एडिटर उघडतो, पण त्यात आपोआप रोमन ई उमटलेला असतो.

अक्षराची कळ दाबली की आधी ‘की’ आणि मागोमाग ‘चार’ असे दोन इव्हेंट येतात. पहिल्याने एडिटर उघडतो, दुसरा नव्या खिडकीला मिळतो. शॉर्टकट कळ सुटल्यावर, म्हणजे की_अपवर चालवा. टंकायच्या चौकटीत अक्षरांसाठी फक्त ‘चार’ ऐका. बॅकस्पेस, एंटर आणि बाण यांच्यासाठी ‘की’.

प्रश्न : फाइली शोधताना ‘टू लाँग विदाउट यील्डिंग’ असं येऊन सगळंच बंद पडतं.

सगळे प्रोग्राम एकाच संगणकाचा वेळ वाटून घेतात. एखाद्याने सुमारे ७ सेकंद ताबा सोडला नाही तर मॉड त्याला मध्येच तोडतो, आणि त्याआधीची सात सेकंद डेस्कटॉप गोठलेला असतो. शंभरेक फाइली पाहून झाल्या की स्वतःच एक इव्हेंट ओएस.क्यूइव्हेंटने रांगेत टाका आणि त्याची वाट पाहा, तेवढ्यात बाकीच्यांना पाळी मिळते. वाट पाहताना आलेले त्या प्रोग्रामचे इतर इव्हेंट वाया जातात, म्हणून शोध वेगळ्या कोरुटीनमध्ये ठेवा आणि बटणं दुसऱ्यात. रांगेत २५६ इव्हेंट मावतात, पुढचे गळतात. प्रत्येक फाइलमागे एक इव्हेंट टाकू नका.

प्रश्न : डेस्कटॉप आपोआप सुरू व्हावा म्हणून स्टार्टअप फाइल केली. आता त्यात चूक आहे आणि संगणक उघडताच अडकतो. सगळं पुन्हा लिहावं लागेल का?

नाही, तुमचं काम सुरक्षित आहे. आधी कंट्रोल-टी सेकंदभर दाबून धरा. तुमच्या लूपमध्ये पुलइव्हेंटरॉ असल्याने ते बहुधा चालणार नाही. मग संगणकाला चिकटून डिस्क ड्राइव्ह ठेवा. दुसऱ्या संगणकावर एका फ्लॉपीत स्टार्टअप नावाची, एकच ओळ असलेली फाइल करा : मूळ स्टार्टअपचं नाव बदलणारी. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घाला आणि कंट्रोल-आर दाबून धरा. फ्लॉपीवरची स्टार्टअप आधी चालते, चुकीची फाइल बाजूला होते, आणि फ्लॉपी काढून पुन्हा सुरू केलंत की साधा कर्सर परत येतो.

याच वाटेने कोणीही तुमचं पासवर्डचं कुलूप ओलांडू शकतो. ती वाट बंद करायची तर सेट आदेशाने शेल.अलाउ_डिस्क_स्टार्टअप फॉल्स करा, पण डेस्कटॉप नीट चालू लागल्यावरच. ती बंद असताना अडकलात तर उरतो तो जगाच्या सेव्ह फोल्डरमधला रस्ता : कॉम्प्युटरक्राफ्ट, त्यात कॉम्प्युटर, त्यात तुमच्या संगणकाच्या क्रमांकाचा फोल्डर. तुमच्या सगळ्या फाइली तिथे साध्या मजकुराच्या रूपात असतात. गेम बंद करून स्टार्टअपचं नाव तिथेच बदला. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर हे त्याच्या चालकाला सांगावं लागेल. क्रमांक आधीच आयडी आदेशाने पाहून लिहून ठेवा.